सीटखालची सव्वा फूट पट्टी

बाबांची प्रीमियर पद्मिनी नऊ वर्षं बल्लारपूरच्या घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायची असं घरात ठरलं, तेव्हा जो तो रंगाबद्दल विचारू लागला. मूळचा पांढराच ठेवणार का, बंपर कुठून चकाकवून आणणार, आतलं रेक्झिन कोणतं लावणार. चंद्रपुरातल्या ज्या मिस्त्रीकाकांकडे मी गाडी टो करून नेली, त्यांनी रंगाचं नावसुद्धा काढलं नाही. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दोन्ही पाय फ्लोअरवर घट्ट टेकवले आणि पाठ जोरात मागे रेटली. सीटखालून 'कट्' असा आवाज आला आणि सीट दोन बोटं मागे सरकली. खटक्याला कुणी हातही लावला नव्हता.

"ताई, पहिले हे. बाकी सारं मंग," काका म्हणाले.

पुढचे सहा आठवडे मी जुन्या गाडीच्या ज्या भागाशी सर्वांत जास्त वेळ घालवला, तो भाग गाडी तयार झाल्यावर कुणाला दिसत नाही. सीटच्या रेल. सव्वा फुटाच्या पट्ट्यांची एक जोडी या बाजूला, एक त्या बाजूला. खालची पट्टी फ्लोअरला बोल्टने धरलेली, वरची सीटच्या सांगाड्याला. वरची पट्टी खालचीच्या कडांना कवेत घेऊन पुढे-मागे सरकते. एका पट्टीला ओळीने खाचा असतात आणि स्प्रिंगने दाबलेला एक दात त्यातल्या एका खाचेत बसतो. दांडी ओढली की दात उचलला जातो, सोडली की पडतो. चांगल्या बांधणीत दोन्ही बाजूंचे दात एका तारेने किंवा सळईने जोडलेले असतात, म्हणजे दोन्ही एकाच वेळी सुटतात आणि एकाच वेळी बसतात. रचना एवढीच.

एवढ्याशा रचनेवर काय अवलंबून आहे ते चंद्रपूर–मूल रस्त्याने संध्याकाळी गाडी चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. जंगलातून अचानक चितळांचा कळप रस्त्यावर येतो आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. दात खाचेत नीट बसलेला नसेल तर त्या क्षणी सीट माणसासकट पुढे जाते आणि छाती स्टिअरिंगवर आदळते. आणि पाय ब्रेकवर जोर देत असताना सीट मागे सरकली, तर ब्रेकच पायाखालून निघून जातो. आज आपल्याला पट्ट्याची सवय झाली आहे. पण १९९४ पूर्वीच्या गाड्यांना पुढच्या सीटचे पट्टे सक्तीचे नव्हते आणि आमची पद्मिनी त्याच काळातली. अशा गाडीत माणसाला जागेवर धरून ठेवायला रेलचा तो दात सोडून दुसरं काही नाही.

आमच्या भागात या कामाचे जाणते कमी आहेत आणि त्याला कारण आहे. चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन्ही जिल्ह्यांच्या जंगलात चारचाकी आली ती जीपच्या रूपाने. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे वनखातं, महसूलखातं, लाकडाचे ठेकेदार, तेंदूपत्त्याचे व्यापारी, सगळ्यांच्या दारात जीप आली. त्या जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरची सीट सरकतच नाही, कारण तिच्या खाली पेट्रोलची टाकी आहे. सीट उचलायची, तेल भरायचं, सीट ठेवायची. माणूस उंच असो की बुटका, जीपशी त्यानंच जुळवून घ्यायचं. आलापल्लीच्या किंवा अहेरीच्या जुन्या मिस्त्रीला डोळे बांधले तरी तो जीपचा गिअरबॉक्स उतरवेल, पण सीटची रेल ही त्याच्या दृष्टीने शहरी गाडीची गोष्ट.

ती शहरी गाडी म्हणजे फियाट. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स मुंबईत कुर्ल्याला ही गाडी बनवत असे. आधी फियाट ११००, मग १९६४ च्या सुमाराला डिलाइट आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन आणि गिअर स्टिअरिंगपाशी. नाव पद्मिनी झालं तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. आमच्याकडे ती डॉक्टरांच्या, वकिलांच्या आणि कोळसाखाणीतल्या व पेपर मिलमधल्या साहेबांच्या दारात दिसायची. बाबांनी ती १९९१ मध्ये जुनी विकत घेतली. माझी उंची वाढत गेली तसतसं बाबांनी मला ती चालवायला शिकवताना सीट एकेक खाच मागे घेतली. शेवटची खाच गाठली तेव्हा मी बारावीत होते.

सीट काढायला एक पूर्ण दिवस गेला. आधी काकांनी बॅटरीची तार काढायला लावली, मग मोबाईलवर प्रत्येक बाजूचे फोटो घ्यायला लावले. पट्ट्यांवर खडूने डावी, उजवी, पुढे, मागे असं लिहिलं. बोल्टचे नट फ्लोअरच्या खालून असतात आणि खालून काय उडत नाही? कोळशाच्या ट्रकांनी ओतलेली काळी धूळ, मुरमाचा लाल चिखल, पावसाचं पाणी. नट आणि बोल्ट एकजीव झाले होते. अशा वेळी लांब पान्याने जोर लावला की बोल्ट तुटतो आणि तुटताना फ्लोअरचा पत्राही फाडतो. काकांनी डिझेल आणि ऑइल मिसळून नटांवर सोडलं आणि आम्ही चहाला गेलो. दुपारी परत सोडलं. संध्याकाळी रिंग पान्याने आधी घट्ट करायच्या दिशेने केसभर फिरवलं, मग उलट. असं पुढे-मागे करत चारपैकी तीन नट सुटले. चौथ्याला गॅसची ज्योत दाखवावी लागली आणि त्याआधी पेट्रोलच्या पाइपावर ओल्या पोत्याचे तुकडे गुंडाळावे लागले. या टप्प्यावर घाई करणाऱ्यांना मी एकच सांगेन. नट कापून काढला तर शंभर रुपयांचं नुकसान होतं, फ्लोअर फाडला तर पत्र्याचं वेल्डिंग, आणि त्यासोबत गाडीची मूळ भोकं कायमची जातात.

ती भोकं किती मोलाची असतात ते रेल हातात आल्यावर कळलं. डावी आणि उजवी रेल एकमेकींसारखी नव्हती. एकीत पट्टीवर पट्टी घासत सरकत होती, दुसरीत मध्ये छर्रे होते. दोघींच्या खाचांमधलं अंतरही वेगळं. कुठल्या तरी गॅरेजने केव्हा तरी दुसऱ्या गाडीची रेल एका बाजूला ठोकून दिली होती. बाबांना ते सांगितलं गेलं नव्हतं, निदान घरात कुणाला आठवत नाही. म्हणून तर एका बाजूचा दात खाचेत बसला की दुसऱ्या बाजूचा दोन खाचांच्या मधल्या सपाटीवर नुसता टेकत होता. इतकी वर्षं सीट एका दातावर उभी होती. मी त्या सीटवर बसून गाडी शिकले. माझी आई तिच्याच शेजारी बसून गडचिरोलीला, वडश्याला, हेमलकशाला गेली.

मूळची रेल कोणती हे काकांनी फ्लोअरच्या भोकांवरून ओळखलं. कारखान्यात पाडलेलं भोक प्रेसने पाडतात, त्याची कड एकसारखी असते. नंतर पाडलेलं ड्रिलने होतं, त्याच्या कडा बुरबुरलेल्या राहतात. डावीकडची भोकं बुरबुरलेली होती. म्हणजे डावी रेल परकी.

जोडीची दुसरी रेल आमच्या भागात मिळाली नाही. शेवटी मुंबईच्या एका नातेवाईकाने ती कुर्ल्याच्या भंगारातून मिळवली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली, पण त्याआधीच्या कित्येक टॅक्सींचे अवयव अजून तिथे सापडतात. गाडी बनली कुर्ल्यात आणि तिचा हरवलेला भागही कुर्ल्यातूनच आला, याचा मला फार आनंद झाला. आलेली रेल गंजलेली होती, पण खाचांचे कोपरे काटकोनात होते. रेल तपासताना पाहायचं ते हेच. गंज घालवता येतो. कोपरे झिजून गोल झाले असतील तर ती रेल कितीही चकचकीत असली तरी टाकून द्यावी. खाचेत वेल्डिंग भरून कानशीने घासून नवी खाच करणारे आहेत, पण मी त्या रेलवर माझ्या माणसांना बसवणार नाही.

आता सफाई. बाबांच्या उजव्या रेलच्या पोटातून जे निघालं ते मी वर्तमानपत्रावर पसरून ठेवलं. कोळशाची बुकणी, धानाचा तूस, विडीचं थोटूक, माझ्या शाळेच्या बिल्ल्याची टाचणी आणि पंचवीस पैशांचं एक नाणं. सरकारने ते ३० जून २०११ पासून चलनातून काढलं, रेलने मात्र ठेवून घेतलं होतं. आणि या सगळ्याला धरून ठेवणारा, वाळलेल्या डिंकासारखा तपकिरी थर.

तो थर घासलेटने निघेना. ब्रशने घासला, रात्रभर बुडवून ठेवला, तरी हलला नाही. साधं ग्रीस कितीही जुनं असलं तरी घासलेटमध्ये विरघळतं. काकांनी नखाने खरवडून वास घेतला आणि विचारलं, "तुमचे बाबा यात कोणतं तेल सोडत होते जी?"

तेव्हा आठवलं. दसऱ्याला गाडी धुवून, झेंडूचा हार घालून झाला की बाबा छोट्या चंबूतून सीटखाली दोन्ही बाजूंना तेल सोडत. ते जवसाचं असायचं. आमच्याकडे धान कापायच्या आधी उभ्या पिकातच ओल्या बांधीत जवस, लाखोळी टाकतात, त्यामुळे घरात जवसाचं तेल कायम. पण जवसाचं तेल हे वंगण नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन सुकतं आणि त्याची पापडी होते. म्हणूनच तर ते रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात. सरकणाऱ्या भागात ते ओतलं की दर वर्षी एक नवी पापडी. पंधरा-वीस दसऱ्यांनी रेल आतून चिकटवून टाकली होती.

कढत पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून त्यात रेल ठेवली, तेव्हा ती पापडी मऊ झाली आणि लाकडी पट्टीने खरवडता आली. खाली काय निघालं ते मी विसरणार नाही. जिथे जिथे बाबांचं तेल पोचलं होतं तिथे लोखंड कोरं होतं, कारखान्यातून निघालं तसं करडं. जिथे पोचलं नव्हतं, त्या मागच्या टोकाला, गंजाने पट्टीचा एक पदरच उचलला होता. तेल चुकीचं होतं, पण लोखंड त्यानेच वाचवलं होतं.

आमच्या जिल्ह्यांत गंज वेगाने का चढतो याला हवाच जबाबदार आहे. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा लोखंड सुखरूप. पावसाळा लागला की महिनोन्‌महिने ओल. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज जोर धरतो आणि हवेत गंधकाचा धूर असेल तर आणखी आधी. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं, भोवती कोळशाच्या खाणी. याशिवाय पूर. भामरागडला पर्लकोटा दर पावसाळ्यात पुलावर येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली भागात शिरलं, तेव्हा कित्येक गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. पुरात बुडालेल्या गाडीचं इंजिन लोक लगेच उघडतात, सीट उन्हात वाळवतात, पण रेल कुणी उघडत नाही. तिच्या पोटात गाळ बसतो आणि तो गाळ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ओल धरून ठेवतो.

गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, पाणी धरून बसलेलं. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातलं किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहाऱ्याचं खनिज, ज्याला हेमटाइट म्हणतात, तेही लोखंडाचं ऑक्साइडच. भट्टीत कोळसा जाळून त्यातला प्राणवायू काढायचा तेव्हा पोलाद मिळतं, आणि ओल मिळाली की पोलाद परत त्या डोंगराच्या वाटेला लागतं. वाटेत ते फुगतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. सरकायला एक कागद जाईल एवढीच फट असलेल्या रेलमध्ये म्हणूनच पातळसा गंजही सीट जाम करायला पुरतो.

गंज काढायला आम्ही विजेची पद्धत वापरली आणि ती मी सगळ्यांना सुचवेन. प्लॅस्टिकचा टब, त्यात चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा या मापाने धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर. उणे तार रेलला, अधिक तार भंगारातल्या साध्या लोखंडाच्या तुकड्याला, दोन्ही एकमेकांना न टेकता पाण्यात. रात्रभरात गंज सुटून काळा गाळ होतो आणि निरोगी लोखंडाला धक्का लागत नाही. मात्र तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. टब उघड्यावर ठेवा, कारण हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. सोड्याऐवजी मीठ घालू नका, त्यातून क्लोरीन निघतो. अधिक बाजूला स्टेनलेसचा चमचा किंवा पट्टी लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि खटक्याची स्प्रिंग या टबातही टाकायची नाही, ॲसिडमध्येही नाही. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं आणि पुढे एखाद्या दिवशी कारण नसताना तुटतं. स्प्रिंग हाताने, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची. मी चार स्प्रिंगा घासल्या. बोटं दोन दिवस दुखली.

टबातून काढलेली रेल पावसाळ्यात दोन तासांत पिवळी पडते. आम्ही जुलैत काम करत होतो, त्यामुळे रेल धुतली की लगेच गरम हवेने वाळवून तेलाचा बोळा फिरवावा लागे. ज्यांना मुहूर्त निवडता येतो त्यांनी हे काम होळी ते मृग या काळात उरकावं.

रंगाच्या बाबतीत माझा आणि काकांचा थोडा वाद झाला. मला पावडर कोटिंग हवं होतं, कारण ते टिकतं. काकांनी पावडर कोटिंग केलेली एक रेल दाखवली, एका हौशी माणसाने आणून दिलेली. पट्टी पट्टीत शिरत नव्हती. पावडरचा थर साठ ते शंभर मायक्रॉनचा असतो, तो दोन्ही पट्ट्यांवर आतून-बाहेरून बसला की फट संपते. झिंक प्लेटिंग आठ-दहा मायक्रॉनचं, ते चालतं, पण प्लेटिंगला आधी ॲसिड लागतं आणि कडक भागांना नंतर भट्टीत भाजून हायड्रोजन काढावा लागतो. ते प्रत्येक जण करतोच असं नाही. शेवटी बाहेरच्या बाजूंना रेड ऑक्साइड आणि वर काळा इनॅमल, हाताने, पातळ. सरकणाऱ्या आतल्या कडा कोऱ्या, फक्त बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेल्या. काकांचं म्हणणं बरोबर होतं.

वंगणही थोडंच. आपल्याकडे हात सैल सोडून ग्रीस भरायची पद्धत आहे, पण कोळसा आणि मुरूम उडणाऱ्या मुलखात ग्रीसचा गोळा म्हणजे धुळीला आवतण. धूळ मिसळलेलं ग्रीस कानशीचं काम करतं. पांढऱ्या लिथियम ग्रीसचा बोटाने ओढलेला एक पातळ थर, वरून सुती फडक्याने पुसलेला, एवढंच. दसऱ्याला जवसाचं तेल नाही. ते मी आता दरवाजाच्या आतल्या पोकळीत, न हलणाऱ्या कडांना लावते. बाबांची सवय मोडायची नव्हती.

बसवताना बोल्ट नवे घेतले, डोक्यावर ८.८ कोरलेले. दुकानात साधे मऊ बोल्ट निम्म्या किमतीत मिळतात आणि दिसायला तेच असतात. डावीकडची बुरबुरलेली भोकं वेल्ड करून बुजवली आणि मूळ जागेची भोकं, जी पुटीखाली सापडली, मोकळी केली. चारही बोल्ट आधी हाताने सैल लावले, सीट दोनदा पूर्ण पुढे-मागे नेली, मगच आवळले. आधीच आवळले तर दोन रेल समांतर राहत नाहीत आणि सीट तिरकी अडते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पहिल्या पद्मिनी या वयाला पोचल्या आहेत. आमच्या गाडीला अजून वेळ आहे. पण ज्यांच्या गोठ्यात, गोदामात, वाड्यात अशा गाड्या उभ्या आहेत त्यांनी त्या भंगारात काढण्यापूर्वी आणि रंगावर पैसे घालण्यापूर्वी एक गोष्ट करावी. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, सीट मधल्या खाचेवर आणा, पाय टेकवून पाठीने मागे रेटा, मग स्टिअरिंग धरून अंग पुढे खेचा. नंतर खाली वाकून टॉर्च मारा आणि दोन्ही बाजूंचे दात खाचेत पूर्ण उतरले आहेत का ते डोळ्यांनी पाहा. एकच उतरला असेल तर ती गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टो करून न्या.